आगमनापूर्वीची समीक्षा : ‘द लास्ट ऑफ अस’च्या सुधारित आवृत्त्या आणि त्यांभोवतीच्या अफवा

प्रास्ताविक

व्हिडिओ गेम हा कलाप्रकार मानावा की केवळ करमणुकीचा धंदा, हा वाद आता बराचसा मागे पडला आहे. कथा, अभिनय, संगीत, दृश्यरचना आणि खेळणाऱ्याची कृती यांच्या संयोगातून सिद्ध होणारी ही संहिता समीक्षेचा विषय होऊ शकते, हे आता फारसे कोणी नाकारीत नाही. मात्र साहित्यकृतीचे निकष या संहितेला जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे ही संहिता यंत्राला बांधलेली असते. शंभर वर्षांपूर्वी छापलेली कादंबरी आजही हातात घेऊन वाचता येते. कन्सोलवरील खेळाचे तसे नाही. तो खेळावयाचा तर विशिष्ट कंपनीचे विशिष्ट पिढीतील यंत्र हाताशी असावे लागते. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ३ हे यंत्र २००६ साली आले, प्लेस्टेशन ४ हे २०१३ साली आणि प्लेस्टेशन ५ हे २०२० साली. म्हणजे सुमारे सात वर्षांत एक पिढी संपते. पिढ्यांच्या या संधिकाळात एक प्रश्न हटकून उपस्थित होतो : मागच्या यंत्रावरील गाजलेली कृती नव्या यंत्रावर सुधारित रूपात येणार काय? अधिकृत उत्तर मिळण्याच्या कितीतरी आधी या प्रश्नाभोवती अफवांचे जाळे विणले जाते.

प्रस्तुत लेखात या अफवांचा विचार एका कृतीच्या आधारे केला आहे. नॉटी डॉग या अमेरिकन निर्मितिसंस्थेची ‘द लास्ट ऑफ अस’ ही कृती १४ जून २०१३ रोजी प्लेस्टेशन ३ साठी प्रसिद्ध झाली. पुढे २०१४ साली तिची ‘रीमास्टर्ड’ आवृत्ती, २०२२ साली ‘पार्ट वन’ या नावाने तिची पुनर्निर्मिती आणि २०२४ साली तिच्या उत्तरभागाची सुधारित आवृत्ती आली. एकाच कथाविश्वाच्या तीन सुधारित आवृत्त्या दहा-अकरा वर्षांत निघाल्या आणि प्रत्येक वेळी बातमी घोषणेच्या आधी फुटली. त्यामुळे अफवा आणि आवृत्ती यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास करण्यास याहून सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी कथासूत्र थोडक्यात सांगणे इष्ट ठरेल. कॉर्डिसेप्स या बुरशीच्या संसर्गाने मानवी समाज कोलमडल्यानंतर वीस वर्षांनी ही कथा घडते. साथीच्या पहिल्याच रात्री पोटची मुलगी गमावलेला जोएल हा तस्कर, संसर्ग झाला तरी न मरणाऱ्या एली या चौदा वर्षांच्या मुलीला बोस्टनपासून अमेरिकेच्या पश्चिम भागाकडे घेऊन निघतो. तिच्यापासून लस तयार होईल अशी आशा असते. पण त्यासाठी तिचा प्राण जाणार हे कळताच जोएल इस्पितळातील माणसांना ठार करून तिला सोडवितो आणि शुद्धीवर आल्यावर तिच्याशी खोटे बोलतो. खेळ संपतो तो त्या खोट्यावर आणि ते ऐकणाऱ्या एलीच्या चेहऱ्यावर. हा चेहरा पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

अफवेचे स्वरूप

अफवेच्या मानसशास्त्राचा व्यवस्थित अभ्यास गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी ‘द सायकॉलॉजी ऑफ रूमर’ (१९४७) या ग्रंथात केला. त्यांच्या मते अफवेचा जोर दोन घटकांच्या गुणाकारावर ठरतो : विषयाचे ऐकणाऱ्याला वाटणारे महत्त्व आणि उपलब्ध माहितीची संदिग्धता. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दोहोंपैकी एक घटक शून्य झाला तरी अफवा विरते. व्हिडिओ गेम उद्योगात या दोन्ही घटकांचे सातत्याने संवर्धन होते. जाहिरातीने महत्त्व वाढते आणि व्यावसायिक गुप्ततेने संदिग्धता. निर्माण होत असलेल्या खेळाचे नावही बाहेर कळू नये म्हणून सांकेतिक नावे दिली जातात, कर्मचाऱ्यांकडून गोपनीयतेचे करार लिहून घेतले जातात. ज्या व्यवस्थेत मौन सक्तीचे असते, त्या व्यवस्थेत कुजबुज अपरिहार्य असते. अफवा पसरविणाऱ्यांना उतावळे म्हणून मोकळे होणे त्यामुळे पुरेसे नाही.

ऑलपोर्ट-पोस्टमन यांनी अफवेच्या प्रवासातील तीन प्रक्रियाही सांगितल्या आहेत. तपशील गळत जातात, उरलेले तपशील अधिक टोकदार होतात आणि शेवटी ते ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहांत सामावून घेतले जातात. सुधारित आवृत्तीच्या अफवेत काय गळते आणि काय टोकदार होते, हे पाहणे समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गळतो तो आशय. टोकदार होतात ते आकडे : पडद्यावरील बिंदूंची संख्या, दर सेकंदास दिसणाऱ्या चौकटी म्हणजे फ्रेम, आणि किंमत.

फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ, मुलाखत, जाहिरात अशा संहितेच्या उंबरठ्यावरील घटकांचा विचार मांडला. मराठीत त्यांना ‘परिसंहिता’ म्हणता येईल. वाचक संहितेत कोणत्या दाराने शिरतो आणि कोणती अपेक्षा घेऊन शिरतो, हे परिसंहिता ठरविते. जेनेत यांच्या मांडणीत मात्र एक अट आहे. परिसंहितेची जबाबदारी लेखकाची किंवा त्याच्या वतीने बोलणाऱ्याची असली पाहिजे. अफवा ही अट मोडते. ती परिसंहितेचे सर्व काम करते, पण तिचा कोणी धनी नसतो. अपेक्षा ती निर्माण करते आणि अपेक्षाभंगाचे खापर मात्र कृतीवर फुटते.

यंत्रांतराची गरज : २०१४

पहिल्या सुधारित आवृत्तीची पार्श्वभूमी पूर्णतः तांत्रिक होती. मूळ खेळ बाजारात आला तेव्हा प्लेस्टेशन ३ चे आयुष्य संपत आले होते. अवघ्या पाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, प्लेस्टेशन ४ विक्रीस आले. या दोन यंत्रांची जात वेगळी होती. प्लेस्टेशन ३ च्या गाभ्याशी ‘सेल’ नावाचा संस्कारक होता. त्यात एक मुख्य गाभा आणि त्याच्या हाताखाली काम करणारे अनेक छोटे गाभे अशी रचना असल्यामुळे खेळाची आज्ञावली त्या सर्वांत वाटून लिहावी लागे. नॉटी डॉगच्या तंत्रज्ञांनी या विचित्र यंत्राची नस अचूक ओळखली होती आणि ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये तिची ताकद जवळजवळ शेवटच्या थेंबापर्यंत वापरली होती. प्लेस्टेशन ४ मात्र सर्वसाधारण संगणकाच्या धर्तीवर बांधलेले होते. जुन्या यंत्राच्या स्वभावाशी जितके घट्ट जुळवून घेतले, तितकेच नव्या यंत्रावर जाणे कठीण झाले. मागच्या यंत्राची तबकडी नव्या यंत्रात चालत नव्हती. ज्याने प्लेस्टेशन ३ घेतले नव्हते त्याला ही कृती अप्राप्य होती.

ही गरज उघड दिसत असल्यामुळे अफवा उठणे स्वाभाविकच होते. मार्च २०१४ मध्ये सोनीच्या एका अधिकाऱ्याने तुर्की वृत्तवाहिनीवरील मुलाखतीत ही आवृत्ती उन्हाळ्यात येणार असल्याचे बोलून टाकले आणि पुढील महिन्यात अधिकृत घोषणा झाली. जुलै २०१४ मध्ये आवृत्ती बाजारात आली. मूळ खेळ ७२० रेषांच्या चित्रात, दर सेकंदास ३० चौकटींनी चालत असे. नवी आवृत्ती १०८० रेषा आणि ६० चौकटी या मापाने आली. सोबत ‘लेफ्ट बिहाइंड’ हे फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले पूरक प्रकरण आणि दिग्दर्शकीय भाष्यही होते.

या आवृत्तीसंबंधीची चर्चा ‘तीस की साठ’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. हा प्रश्न अगदीच पोकळ नव्हे. तीस चौकटींच्या गतीत प्रत्येक चित्र पडद्यावर सुमारे ३३ सहस्रांश सेकंद राहते, साठच्या गतीत त्याच्या निम्मे. नेम धरताना हाताला आणि डोळ्याला जाणवणारा हा फरक आहे. ज्या खेळात मोजक्याच गोळ्या हाताशी असतात आणि प्रत्येक चुकीची किंमत मोजावी लागते, तेथे हातांची अवघडलेली हालचाल हाही आशयाचाच भाग असतो. गती दुप्पट झाल्यावर जोएलचे ओझे किंचित हलके होते काय, असा प्रश्न विचारता आला असता. निर्मात्यांनी तीस चौकटींवर अडकवून ठेवण्याचा पर्याय दिला होता, त्या बदल्यात सावल्या अधिक चांगल्या दिसत. पण हा पर्याय कशासाठी, याची चर्चा आकड्यांच्या पलीकडे फारशी गेली नाही. साठ हा आकडा अफवेच्या काळातच जिंकून बसला होता.

तरीही २०१४ च्या आवृत्तीबद्दल तक्रारीस फारशी जागा नाही. ती प्रत बदलणारी आवृत्ती होती, पाठ बदलणारी नव्हे. संहिता तीच राहिली, वाचकांचा परीघ वाढला. जून २०१८ पर्यंत दोन्ही यंत्रांवर मिळून या कृतीच्या एक कोटी सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्याचे जाहीर झाले, त्यात या यंत्रांतराचा वाटा मोठा आहे.

चेहऱ्याचा पाठभेद : २०२१–२२

दुसऱ्या प्रसंगाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. एप्रिल २०२१ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेचे पत्रकार जेसन श्रायर यांचे एक वृत्त प्रसिद्ध झाले. त्याचा मुख्य विषय सोनीच्या अंतर्गत धोरणाचा होता. मोठ्या संस्थांच्या खेळांना अखेरचा हात देणारा, सॅन दिएगो येथील एक साहाय्यक गट स्वतंत्र निर्मितीची आकांक्षा बाळगून होता. स्वतःची लायकी सिद्ध करण्यासाठी त्याने जुन्या खेळाची पुनर्निर्मिती हाती घेतली. पुढे ते काम नॉटी डॉगच्या देखरेखीखाली गेले आणि गटातील काही प्रमुख मंडळी बाहेर पडली, असे त्या वृत्तात म्हटले होते. ही पुनर्निर्मिती म्हणजे ‘टी-वन-एक्स’ या सांकेतिक नावाने चाललेले ‘द लास्ट ऑफ अस’चे काम होय.

हे वृत्त म्हणजे अफवा नव्हती. नावानिशी प्रसिद्ध झालेली पत्रकारिता होती. पण प्रवासात तिची अफवा झाली. ऑलपोर्ट-पोस्टमन यांनी सांगितलेली गळती येथे जणू प्रयोगशाळेतील नमुन्यासारखी पाहावयास मिळते. साहाय्यक गटाची आकांक्षा गळाली, श्रमविभागणीचा प्रश्न गळाला, मोठ्या कंपनीत सर्जनाचा अधिकार कोणाकडे असतो हा मूळ मुद्दा गळाला. उरले एवढेच : ‘द लास्ट ऑफ अस’ पुन्हा येणार. आणि त्याला जोडून एक टोकदार प्रश्न : कशासाठी? प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे बहुतेक सर्व खेळ चालतात. २०१४ ची आवृत्ती नव्या यंत्रावर सुखेनैव खेळता येत होती. म्हणजे यंत्रांतराची गरज या वेळी नव्हती.

जून २०२२ मध्ये घोषणेच्या दिवशी सोनीच्याच विक्रीदालनाच्या पृष्ठावर बातमी नियोजित वेळेआधी उघड झाली. २ सप्टेंबर २०२२ रोजी ‘पार्ट वन’ बाजारात आले. अमेरिकेतील किंमत ७० डॉलर, म्हणजे अगदी नव्या खेळाइतकी. सव्वा वर्ष चाललेल्या अफवेने जो प्रश्न घासून धारदार करून ठेवला होता, त्याच्या एका पारड्यात हे ७० डॉलर आणि दुसऱ्यात चित्राची सुधारणा पडली. मिळालेला निवाडाही त्याच भाषेतला होता : देखणे आहे, पण अनावश्यक आहे. कृती हाती येण्याआधी घडविलेला मापदंड कृती आल्यावरही बदलला नाही.

वस्तुतः या आवृत्तीत समीक्षेने थांबून पाहावे असे पुष्कळ होते. २०१३ च्या खेळात नटांच्या देहाच्या हालचाली यंत्राने टिपलेल्या होत्या, चेहरे मात्र सजीवनकारांनी नटांचे चित्रीकरण समोर ठेवून हाताने घडविले होते. जुन्या यंत्राच्या मर्यादेत चेहऱ्यावर जेवढे मावेल तेवढेच भाव त्यांनी ठेवले. त्यामुळे त्या चेहऱ्यांत एक प्रकारची काटकसर होती. २०२२ साली ट्रॉय बेकर आणि ॲश्ली जॉन्सन यांच्या मूळ अभिनयाच्या नोंदींकडे परत जाऊन चेहरे नव्याने घडविण्यात आले. डोळ्यांच्या कडा, कपाळावरील आठ्या, ओठांची थरथर हे सारे आता दिसते.

शेवटच्या प्रसंगात याचा परिणाम काय होतो? टेकडीवर एली जोएलला शपथ घ्यावयास लावते. तो शपथ घेतो. ती क्षणभर त्याच्याकडे पाहते आणि एका शब्दात होकार देते. पडदा काळा होतो. २०१३ च्या पाठात त्या क्षणी एलीचा चेहरा जवळजवळ कोरा वाटतो. तिचा विश्वास बसला, की बसला नाही हे कळूनही तिने स्वीकारले, की स्वतःचीच समजूत घातली, याचा निर्णय खेळणाऱ्यावर सोपविलेला असतो. आणि तोच खेळणारा काही मिनिटांपूर्वी इस्पितळात जोएलच्या हाताने गोळ्या झाडून आलेला असल्यामुळे तो निर्णय त्याच्या स्वतःच्या अपराधाशी निगडित होतो. २०२२ च्या पाठात चेहरा बोलू लागतो. त्यावर संशय वाचता येतो. नटीच्या अभिनयाशी अधिक प्रामाणिक अशी ही आवृत्ती आहे यात शंका नाही. पण त्या प्रामाणिकपणापायी खेळणाऱ्याकडे सोपविलेला एक निर्णय काही अंशी परत घेतला गेला आहे. जुन्या चेहऱ्याचे मौन हे यंत्राच्या असमर्थतेतून आले होते हे खरे. परंतु कृतीत एकदा सामावल्यावर ती केवळ असमर्थता राहत नाही. येथे २०१३ चा पाठ अधिक श्रेष्ठ मानावा लागतो.

उलट काही ठिकाणी नवा पाठ निःसंशय सरस आहे. जोएलची सहकारी टेस हिचा चेहरा नव्या आवृत्तीत वयाने वाढला आहे. वीस वर्षे उद्ध्वस्त शहरात तस्करी करून जगलेल्या स्त्रीचे थकलेपण तिच्यावर दिसते आणि तिचा अंत त्यामुळे अधिक उचित वाटतो. असे प्रसंगागणिक पाठभेद मांडून त्यांचे गुणदोष तपासणे, हे समीक्षेचे काम होते. मराठी वाचकाला ही दृष्टी अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती मध्यंतरी शिरलेले अपपाठ दूर सारून मूळाकडे जाण्यासाठी. ‘पार्ट वन’ची दिशा दुहेरी आहे. नटाच्या मूळ अभिनयाकडे ती मागे जाते आणि नव्या यंत्राच्या मापाकडे पुढे. ‘अनावश्यक’ या एका शब्दात हा ताण बसत नाही.

या आवृत्तीने काय गाळले, हेही पाहिले पाहिजे. मूळ खेळातील ‘फॅक्शन्स’ हा अनेकांनी एकत्र खेळावयाचा भाग ‘पार्ट वन’मध्ये नाही. प्लेस्टेशन ३ वरील त्याचे सर्व्हर सप्टेंबर २०१९ मध्येच बंद झाले होते. त्याच्या जागी येऊ घातलेला स्वतंत्र सामूहिक खेळ डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाल्याचे संस्थेने जाहीर केले. ‘सुधारित’ हा शब्द ऐकताना भर पडेल असेच गृहीत धरले जाते. वजाबाकी मात्र कोणी मोजत नाही.

ज्यांच्यासाठी आवृत्ती आली

अफवेच्या मापदंडाचा सर्वांत गंभीर दोष मात्र याहून वेगळा आहे. २०२० च्या उत्तरभागात नॉटी डॉगने अपंग खेळाडूंसाठी साठाहून अधिक सोयी केल्या होत्या. दृष्टिहीन व्यक्तीला निव्वळ ध्वनिसंकेतांच्या आधारे खेळ पूर्ण करता यावा, इथपर्यंत त्यांचा पल्ला होता. ‘पार्ट वन’मध्ये या सोयी मूळ कथेला मिळाल्या. शिवाय कथाप्रसंगांचे तोंडी दृश्यवर्णन नव्याने आले. संवाद चालू असताना उच्चाराचा चढउतार कंट्रोलरच्या कंपनांतून हाताला जाणवावा, अशीही योजना आली, जेणेकरून ऐकू न येणाऱ्या व्यक्तीला वाक्य कोठे ताणले, कोठे तोडले हे तळहातावर कळेल.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. २०१३ आणि २०१४ च्या आवृत्त्या दृष्टिहीन व्यक्तीच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हत्या. तिच्यापुरती ही कृती सप्टेंबर २०२२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. चित्र किती सुंदर झाले, हा प्रश्न तिच्यासाठी निरर्थक होता. ‘मूळ खेळ तर उपलब्ध आहेच, मग हा खटाटोप कशासाठी’ असे विचारणाऱ्याने उपलब्धता स्वतःच्या डोळ्यांनी मोजली होती. सव्वा वर्षाच्या कुजबुजीत बिंदू मोजले गेले, चौकटी मोजल्या गेल्या, डॉलर मोजले गेले. हा वाचकवर्ग त्या हिशेबाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. आवृत्तीचे समर्थन करावयाचे तर सर्वांत भक्कम मुद्दा हाच होता, आणि जाहिरातीच्या परिसंहितेतही तो नव्या चेहऱ्यांच्या मागेच उभा राहिला.

किंमतीच्या तक्रारीत तथ्य नाही असे मात्र नव्हे. ज्यांच्यासाठी कृती नव्याने खुली झाली त्यांनाही प्रवेशमूल्य पूर्णच द्यावे लागले, शिवाय यंत्राचा खर्च निराळा. भारतात प्लेस्टेशन ५ हे २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आले. ज्याच्या घरी प्लेस्टेशन ४ आहे त्याला या सोयींचा लाभ घेण्यासाठी हा सगळा डोंगर चढावा लागे. सोयी हा हक्क मानावा की नव्या आवृत्तीचे आकर्षण मानावे, या प्रश्नाचे उत्तर सोनीने व्यवहारात देऊन टाकले आहे, आणि ते समाधानकारक नाही.

वादकाने दिलेली बातमी : २०२३–२४

‘द लास्ट ऑफ अस : पार्ट टू’ हा उत्तरभाग १९ जून २०२० रोजी प्लेस्टेशन ४ साठी आला होता. मे २०२१ मध्ये एका विनामूल्य अद्ययावतीकरणाद्वारे तो प्लेस्टेशन ५ वर ६० चौकटींनी चालू लागला. त्यामुळे २०२३ साली याच्याही सुधारित आवृत्तीची आवई उठली तेव्हा नेहमीचे हत्यार आधीच बोथट झालेले होते. चौकटींचा हिशेब पूर्ण झाला होता.

ही आवई उठण्याचे एक कारण मोठे लक्षणीय आहे. दोन्ही भागांचे संगीतकार गुस्ताव्हो सांताओलाया यांनी २०२३ च्या एका मुलाखतीत बोलता बोलता सांगितले की खेळात वाद्य वाजवीत बसलेले जे त्यांचे पात्र आहे, त्याच्याकडून नव्या आवृत्तीत काही धुना वाजवून घेता येतील. उत्तरभागात जॅक्सन या वस्तीत बँजो वाजविणारा एक माणूस दिसतो, तो म्हणजे स्वतः सांताओलाया. येथवर पाहिलेल्या वदंतांत प्रत्यक्ष खेळण्याच्या अनुभवाविषयी काही सांगणारी ही पहिलीच. ती अधिकाऱ्याकडून आली नव्हती, विक्रीदालनाच्या पृष्ठावरूनही नाही. कलावंताच्या तोंडून आली होती, आणि बहुधा त्यामुळेच तिच्यात एकही आकडा नव्हता.

१९ जानेवारी २०२४ रोजी ‘पार्ट टू रीमास्टर्ड’ आले. जुनी प्रत असणाऱ्यास दहा डॉलरांत नवी आवृत्ती देण्याची उदारता या वेळी दाखविली गेली. ७० डॉलरांवरून उठलेल्या ओरडीचा हा परिणाम असावा असे मानावयास जागा आहे. आवृत्तीत मोकळेपणाने गिटार वाजविण्याचा भाग होता आणि त्यात सांताओलाया यांचे पात्र बँजो घेऊन बसलेले होते. मूळ संहितेतून गाळलेली तीन अपूर्ण स्थळे निर्मात्यांच्या भाष्यासह खुली करण्यात आली होती. नाटककाराने खोडलेले प्रवेश परिशिष्टात छापावेत, तसा हा प्रकार आहे आणि अभ्यासकाला तो मोलाचा आहे. ‘नो रिटर्न’ या नावाचा, कथा बाजूला ठेवून केवळ लढत राहण्याचा भागही जोडला होता. हिंसेचा प्रत्येक प्रहार खेळणाऱ्याच्या मनाला लागावा अशा हेतूने रचलेल्या कृतीला, तीच हिंसा निव्वळ कौशल्य म्हणून पुनःपुन्हा अनुभवण्याची सोय जोडणे, हा विसंवाद आहे. विकत घेण्याजोगी भर म्हणून तो स्वीकारला गेला. कृतीच्या आशयाशी त्याचे जमते काय, हा प्रश्न तुलनेने मागेच राहिला.

जुलै २०२५ मध्ये याच आवृत्तीत एक बदल झाला. तो विनामूल्य अद्ययावतीकरणाच्या रूपाने आला आणि त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नाही. मूळ ‘पार्ट टू’ची सारी ताकद तिच्या क्रमभंगात आहे. जोएलचा वध करणाऱ्या ॲबीचा द्वेष करीत खेळणारा सिॲटल शहरातील तीन दिवस एलीच्या बाजूने घालवितो, आणि मग तेच तीन दिवस ॲबीच्या बाजूने त्याला पुन्हा जगावयास लागतात. जोएलने इस्पितळात मारलेला शल्यवैद्य हा तिचा बाप होता, हे त्याला उशिरा कळते. द्वेष आधी आणि ज्ञान नंतर, हा क्रम हेच त्या कृतीचे विधान होते. नव्या पर्यायात सर्व प्रसंग कालानुक्रमे मांडले गेले. ॲबीचा भूतकाळ आता आधी येतो आणि दोघींचे दिवस एकमेकांत गुंफले जातात. खेळणारा तिच्या हातात ती काठी पाहतो तेव्हा ती कोणाची मुलगी आहे हे त्याला ठाऊक असते.

बिंदूंची संख्या तीच, चौकटी त्याच, चेहरे तेच. पाठ मात्र आमूलाग्र निराळा.